दरीला सांगितलेली गोष्ट

आमच्या धंद्याला नेमकं नाव नव्हतं. कोल्हापुरात ‘कंदीलवाले आले’ म्हणायचे, मुरगूडकडं ‘काचंचा शिनुमा’ आणि गडहिंग्लजच्या खाली गेलं की ‘बत्तीतली चित्रं’. गावात खेळ लावायचा तर आधी पाटलाला विचारावं लागे. पाटील विचारायचा, “तमाशा हाय का सर्कस?” दत्तूमामा सांगायचा, “दोनीबी न्हाय. गोष्ट हाय.” मग पाटील आमच्या पेटाऱ्याकडं जरा वेळ बघायचा आणि म्हणायचा, “मग गोष्टीला एवढी पेटी कशाला लागती?”

पेटीत काय होतं ते आधी सांगतो, कारण ते बघितलेली माणसं आता फार उरली नाहीत. पत्र्याचा चौकोनी डबा, वर धूर जायला धुराडं, पुढं पितळी नळी आणि नळीत भिंग. आत कारबाईटची बत्ती. कारबाईटच्या खड्यावर पाण्याचा थेंब थेंब पडला की गॅस होतो, त्याला लसणासारखा वास येतो, आणि पेटवला की डोळे दिपवणारी पांढरी ज्योत लागते. ज्योत आणि भिंग यांच्यामध्ये रंगवलेली काच सरकवायची. काच उलटी घालायची, म्हणजे समोरच्या धोतरावर चित्र सुलटं दिसतं. धोतर पाण्यानं ओलं केलं की पलीकडच्या बाजूनंही दिसतं, त्यामुळं अर्धा गाव अलीकडं आणि अर्धा पलीकडं बसायचा.

माझे अब्बा देवादिकांच्या तसबिरींना चौकटी करून विकायचे. काचेच्या कामात हात बसलेला माणूस. फिरत्या खेळाची एक मंडळी मोडली, तेव्हा त्यांच्याकडून अब्बांनी हा कंदील घेतला आणि काचा स्वतः रंगवल्या. पुढं त्यांची नजर अधू झाली आणि ब्रश माझ्या हातात आला. काचेवरचं काम म्हणजे श्वास धरून करायचं काम. चेहरा नखाएवढा, पण पडद्यावर तो परातीएवढा होणार. चित्र वाळायच्या आधी कुठं बोट लागलं तर बोटाच्या रेघा पडद्यावर नांगरटीसारख्या दिसायच्या, आणि पहिल्या रांगेतलं एखादं पोरगं हमखास ओरडायचं, “रावणाच्या गालावर शेत हाय.”

चित्रं मी दाखवायचो, पण खेळ दत्तूमामाचा होता. मामा जातीनं गुरव. देवळात चौघडा वाजवून कान तयार झालेले आणि गळा असा, की न ओरडता शेवटच्या माणसापर्यंत जायचा. मी दस्तगीर, त्याच्याहून वीसेक वर्षांनी लहान. नात्याचे नव्हतो, पण धंद्यात पडलो त्या दिवसापासून तो मामा आणि मी भाचा. मामा आता नाही. त्याचं सगळ्यात मोठं कसब काय होतं, असं कुणी विचारलं तर मी सांगेन, थांबणं. गोष्टीत कुठं गप्प बसायचं आणि किती वेळ, हे त्याला कळायचं. मी काच हातात धरून त्याच्या तोंडाकडं बघत राहायचो आणि तो बोलायचा नाही. समोर दोनशे माणसं श्वास धरून बसायची.

रामायणाच्या काचा होत्या, भस्मासुर होता, तुळजापूरची देवी होती. पण गावोगाव मागणी एकाच गोष्टीला यायची. “ती रानात पोरं हरवत्यात ती लावा.” राया आणि सोना ही भावंडं वाट चुकतात, रान दाट होत जातं, आई बांधावर उभी राहून हाका मारते, पोरं झाडाच्या ढोलीत बसतात, वाघ येतो, वाघ पळतो, आणि एक मध काढणारा म्हातारा त्यांना घरी आणून सोडतो. एवढीच गोष्ट. आमच्या जिल्ह्यात गावाच्या एका अंगाला ऊस आणि दुसऱ्या अंगाला रान, त्यामुळं आपल्या पोराला एकदा तरी कासावीस होऊन हाक मारली नाही अशी बाई सापडायची नाही. हाकांची काच आली की बायका पदर तोंडाला लावायच्या.

वाघाची काच अब्बांची खास करणी होती. एकावर एक दोन काचा. वरची सरकवली की वाघ जबडा उघडायचा. तिथं मामा थांबायचा आणि मग हळूच म्हणायचा, “पोरांनो, राया-सोना एकटी हाईत. वाजवा टाळ्या, म्हंजे वाघ पळंल.” सगळी पोरं जीव खाऊन टाळ्या वाजवायची. मी जबडा मिटवायचो आणि काच बाहेर ओढायचो. वाघ गेला. पोरांना वाटायचं आपणच पळवला.

गडहिंग्लजला एका किराणा दुकानदारानं हट्ट धरला होता, की वाघाच्या मागच्या झाडावर त्याच्या दुकानाची पाटी रंगवा. मी तयार होतो. मामा म्हणाला, “शेट, रानात तुमचं दुकान असंल तर पोरं हरवतील कशाला? आत येऊन वाट इचारतील की.” दुकानदार हसला आणि नाद सोडला. असे दिवस होते. आता ज्या दिवसासाठी लिहायला बसलो त्याकडं येतो.

गगनबावड्याच्या पुढं, घाटाच्या कडेला धनगरांची एक वाडी आहे. नाव लिहीत नाही, त्या घरातली माणसं आहेत अजून. तिथल्या शाळेच्या गुरुजींनी आदल्या वर्षी आमचा खेळ लावला होता आणि या नवरात्रातही या म्हणून निरोप दिला होता. पाऊस सरला नव्हता. त्या बाजूला तो लवकर सरत नाही. एसटीनं गगनबावड्याला उतरलो, पेटारा आणि कारबाईटचा डबा खांद्यावर घेतला आणि धुक्यातून वाट तुडवत वाडीवर गेलो.

वाडीत एकाही घरावर धूर नव्हता. एक म्हातारा ओसरीवर तान्ह्या पोराला घेऊन बसला होता. त्यानं आम्हाला ओळखलं, पण या म्हणाला नाही. थोड्या वेळानं गुरुजी खालच्या अंगानं वर आले. तरुण माणूस, घोंगडीतून पाणी निथळत होतं. म्हणाले, “मामा, खेळ न्हाय आज. विठूची दोन पोरं परवापास्नं रानात हाईत.”

विठू म्हणजे त्याच वाडीतला म्हसरंवाला. त्याची मुलगी चंद्रा, दहा-अकरा वर्षांची, आणि तिचा भाऊ बाबू, सहाचा. दोघं म्हसरं चारायला गेली होती. दुपारून धुकं दाटलं. दिवेलागणीला म्हसरं आपली आपण परत आली. पोरं आली नाहीत.

“म्हसरं आली, पोरं न्हाईत,” हे वाक्य मी त्या दिवशी किती तोंडांतून ऐकलं. तिथं पोरं म्हसरांच्या मागून चालतात. वाट म्हसरांना ठाऊक असते. म्हसरं पोरांना सोडून येत नाहीत, असा त्यांचा समज होता, आणि तो खोटा ठरला याचाच धक्का जास्त होता.

पेटारा शाळेत ठेवून आम्हीही माणसांबरोबर गेलो. म्हसरांच्या खुरांचे ठसे ज्या बाजूला उतरले होते, त्या डाव्या अंगाच्या रानात शोध चालू होता. कारवीची झुडपं डोक्याएवढी, खाली निसरडं, पायाला जळवा. गव्यांचं ताजं शेण पडलेलं. माणसं पत्र्याचे डबे बडवत होती, म्हणजे जनावर असेल तर बाजूला होईल. डब्यांचा आवाज आणि हाका, दोन्ही एकदम. धुक्यात चार हातांवरचा माणूस दिसत नव्हता. कुणी कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हता. दोन रात्री पावसात काढलेल्या पोरांचं काय होतं, हे त्या माणसांना आमच्यापेक्षा जास्त कळत होतं.

दिवस कलायला लागला तेव्हा आम्ही थकून वाडीवर परतलो. शाळेच्या दारात एक बाई उभी होती. अंगावरचं लुगडं चिखलानं माखलेलं, हाका मारून मारून घसा बसलेला. गुरुजी हळूच म्हणाले, “ठकूबाई. पोरांची आई.”

ती माझ्याशीच बोलली. “पावणं, तुमच्या त्या बत्तीचा उजेड लांब जातोय म्हणं?”

मी म्हणालो, “आई, एरवी जातो. धुक्यात जात न्हाय. धुकं उजेड गिळतंय. पलीकडं काय बी दिसायचं न्हाय.”

“दिसू दे नायतर न दिसू दे,” ती म्हणाली. “तुमी कड्यावर लावा.”

गुरुजींनी तिची समजूत घालायला तोंड उघडलं, तर मामानं हातानंच त्यांना थांबवलं आणि मला म्हणाला, “दस्तगीर, पेटी उचल.”

वाडीच्या टोकाला कडा आहे, तिथून खाली कोकणाकडं उतरणारी दरी. एका सपाट दगडावर मी कंदील मांडला. पावसाची भुरभुर होती, म्हणून गुरुजींनी वर घोंगडी धरली. शोधून परतलेली माणसं डबे बडवतच जमली. विठूही आला. तो बुटका, रुंद माणूस होता. त्या दिवसभरात मी त्याचा शब्द ऐकला नव्हता. मी बत्ती पेटवली. उजेड नळीतून बाहेर पडला आणि थोड्या अंतरावर थांबला. धुक्याची एक पांढरी भिंतच समोर उभी राहिली. मी म्हणालो होतो तसंच झालं होतं.

ठकूबाईनं त्या भिंतीकडं बघितलं. “नुसत्या उजेडाला पोरं भ्यायची,” ती म्हणाली. “भूत म्हणतील. चित्र लावा. गेल साली चंद्रानं बघितलंय. बाबू तिच्या मांडीवर बसला हुता. वरीसभर दोघं तेच खेळत्यात. ही वाघ हुती आन् त्यो टाळ्या वाजवतो.”

मी मामाकडं बघितलं. मामानं मान हलवली. मी पहिली काच घातली.

धुक्यावर चित्र पडलेलं मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. धोतरावर चित्र स्थिर बसतं. इथं धुकं सरकत होतं आणि त्याच्याबरोबर राया आणि सोना सरकत होती, लांब होत होती, पुसट होत होती आणि पुन्हा दिसत होती. दोन-चार माणसं मागं सरली. मामा पुढं कड्याच्या तोंडाशी गेला, डोक्याचा रुमाल सोडून कमरेला बांधला आणि विठूला म्हणाला, “डबं थांबवा. कुणी आवाज करू नगा.”

आणि त्यानं गोष्ट सुरू केली. नेहमीसारखी, पहिल्या वाक्यापासून. समोर माणूस नाही, पडदा नाही, नुसती दरी. पहिली दोन वाक्यं त्याचा आवाज कापत होता. तिसऱ्याला तो लागला. मी त्याच्याबरोबर शेकडो खेळ केले, पण तसा गळा मी पुन्हा ऐकला नाही. ओरडणं नव्हतं ते. शेवटच्या रांगेतल्या पोरासाठी तो जसा बोलायचा तसंच बोलत होता, फक्त शेवटची रांग कुठं आहे ते त्याला ठाऊक नव्हतं.

हाकांची काच आली. मामा म्हणाला, “आन् आई बांधावर हुभी ऱ्हाऊन हाका मारती...” आणि मागून ठकूबाईनंच हाक मारली. बसलेल्या घशानं, “चंद्रेऽऽ, बाबूऽऽ.” मामानं तिला पुरं करू दिलं. मग पुढं गेला.

वाघ आला. मी जबडा उघडला. मामा म्हणाला, “पोरांनो, वाघ आलाय. वाजवा टाळ्या.”

आणि थांबला.

कुणीतरी खोकायला लागला, तर विठूनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. घोंगडीवरून थेंब गळत होते तेवढा आवाज. मला वाटलं आता मामा पुढं बोलेल. तो बोलला नाही. मी काच धरून उभा, बत्तीनं हात भाजत होता, तरी तो बोलला नाही.

मग खालून आवाज आला. टक. पुन्हा, टक टक. दगडावर दगड आपटल्याचा. डाव्या अंगानं नव्हे, उजव्या अंगानं, जिकडं कुणी उतरलंच नव्हतं.

विठू निघाला तेव्हा त्याच्या पायाखालचे दगड घरंगळले. त्याच्यामागं तिघं-चौघं दोर घेऊन. मामा माझ्याकडं न बघता म्हणाला, “काच काढू नगंस,” आणि पुन्हा दरीला म्हणाला, “वाघ अजून हाय पोरांनो. वाजवत ऱ्हावा. थांबू नगा.” खालून टक टक येत राहिलं. थांबलं की मामा पुन्हा सांगायचा, वाघ हाय, वाजवा. त्या आवाजाच्या धाग्याला धरून माणसं उतरत होती. मी वाघाला तसाच तोंड उघडून उभा ठेवला होता. एवढा वेळ कुठलीच काच कधी ठेवली नव्हती. रंग मऊ होऊन वाघाच्या पाठीवरचा एक पट्टा ओघळला.

मग खालून विठूचा आवाज आला, “गावली.”

ठकूबाई मटकन खाली बसली. “पोरं गावली,” ती म्हणाली. बायकांनी तिला धरलं, कुणी देवीचं नाव घेतलं. माझ्याही मनात तेच आलं. गावली. आमच्या बोलीत दोन पोरं सापडली तरी गावली आणि एकटी मुलगी सापडली तरी गावलीच.

विठू वर आला तेव्हा चंद्रा त्याच्या पाठीवर होती. तिच्या एका मुठीत अजून दगड होता. त्याच्या मागचा माणूस घोंगडीत काहीतरी घेऊन येत होता, आणि ज्या तऱ्हेनं तो ते धरून चालत होता त्यावरून सगळ्यांना कळलं.

काय झालं होतं ते नंतर थोडं थोडं समजलं. धुक्यात बाबू ओहोळात घसरला आणि डोक्याला लागलं. चंद्रानं त्याला उचलून एका कपारीत नेलं आणि म्हसरांच्या मागं गेली नाही, कारण बाबूला चालता येत नव्हतं. पहिली रात्र आणि दुसरा सगळा दिवस तिनं हाका मारल्या, नंतर तिचा आवाजच गेला. दुसऱ्या रात्री बाबू गेला. तिनं त्याला सोडलं नाही. वरून माणसांच्या हाका तिला ऐकू येत होत्या. तिनं तेव्हाही दगड वाजवले होते. पण वर डबे वाजत होते.

कुणीही त्या माणसांना दोष देऊ नये. जनावराच्या रानात डबे वाजवतच जातात. मी पहिल्या दिवसापासून तिथं असतो तर मीही वाजवले असते, आणि दुपारी वाजवलेच होते.

ठकूबाई उठली. रडली नाही. घोंगडी उलगडली आणि बाबूचे पाय मांडीवर घेतले, पदरानं चिखल पुसायला लागली. पुसता पुसता थांबली. म्हणाली, “ह्याच्या पायात काटा हाय.” कुणीतरी म्हणालं, “ऱ्हाऊ दे आता, ठके.” तिनं ऐकलं नाही. गळ्यातल्या माळेची पिन सोडली आणि माझ्याकडं बघितलं. मी बत्ती डब्यातून बाहेर काढली आणि तिच्या हाताजवळ धरली. तिनं तो काटा हळू, पोराला दुखू नये अशा बेतानं कोरून काढला. तोवर मी बत्ती धरून होतो. माझ्या उभ्या आयुष्यात त्या बत्तीनं दाखवलेल्यांपैकी डोळ्यांपुढून न हललेलं चित्र हे एकच.

चंद्राला झोळीत घालून गगनबावड्याच्या दवाखान्यात नेलं. आम्ही दुसऱ्या दिवशी माती देऊन खाली उतरलो. एसटीत बसल्यावर मामा म्हणाला, “ती काच नीट करून घे. पर ती गोष्ट मी आता सांगायचा न्हाय.”

आणि त्यानं ती सांगितली नाही. मुरगूडच्या जत्रेत लोकांनी ओरडा केला, “पोरं लावा, पोरं,” तर मामानं भस्मासुर लावायला सांगितला. लोक अर्ध्यातून उठले. फिरता सिनेमा तंबू घेऊन गावोगाव यायला लागला होता, त्यात आमचा हुकमी खेळ बंद. पोट म्हणून माझी कुरबुर चालायची. पण मामाच्या तोंडावर ते बोलायची ताकद माझ्यात नव्हती. ओघळलेला पट्टा मी पुन्हा रंगवला आणि काच कापडात गुंडाळून ठेवली.

पुढच्या हिवाळ्यात गगनबावड्याच्या आठवडी बाजारात आमचा खेळ होता. दुपारी आम्ही खांब रोवत होतो, तर ठकूबाई समोर येऊन उभी राहिली. तूप विकायला आली होती. मागं चंद्रा. पोरगी उंच झाली होती. मामाच्या हातातली पहार तशीच राहिली.

“मामा, वाडीवर या,” ठकूबाई म्हणाली.

मामा म्हणाला, “बाई, वाडीवर कुठल्या तोंडानं येऊ मी?”

“त्या दिवशी तुमी गोष्ट अर्ध्यात ठिवलीसा. वाघ आला तितंच ऱ्हायली. ही पोरगी मला इचारती, म्होरं काय झालं. तिला ठावं हाय म्होरलं, गेल्या खेपंला ऐकलंय, तरी इचारती. मला सांगता येत न्हाय. तेवढी पुरी करून जावा.”

मामानं चंद्राकडं बघितलं. ती खाली बघत होती. मामा मला म्हणाला, “ती काच आणलीयास?” मी होय म्हणालो. का कुणास ठाऊक, पट्टा रंगवून गुंडाळल्यापासून ती काच मी पेटाऱ्यातून काढून ठेवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही वाडीवर गेलो. तिन्हीसांजेला शाळेच्या पटांगणात धोतर लावलं. हवा स्वच्छ होती. चंद्रा पुढं आईजवळ बसली, विठू पार मागं भिंतीला टेकून उभा राहिला. मामानं पहिल्यापासून सांगायला घेतलं. वाघ आला, मामानं टाळ्या वाजवा म्हटलं. वाडीतल्या पोरांनी आधी मागं वळून चंद्राकडं बघितलं. ती वाजवत नव्हती. मग एकानं वाजवली, आणि मग सगळ्यांनी. वाघ गेला. मध काढणारा म्हातारा आला. शेवटची काच मी घातली. आई दारात उभी आहे आणि पोरं अंगणात आली आहेत.

इथं मामाचं एक वाक्य होतं, ‘आन् दोनी पोरं सुखरूप घरी आली.’ त्यासाठी मी थांबलो. मामा बोलेना. मला वाटलं नेहमीचं थांबणं असेल. मग त्याच्याकडं बघितलं, तर त्याचे ओठ हलत होते आणि आवाज येत नव्हता. मी इतक्या वर्षांत कधी खेळात तोंड उघडलं नव्हतं, ते वाक्य माझ्याही तोंडून निघेना.

अंधारातून घोगरा, चिरलेला आवाज आला. चंद्राचा. त्या दिवसानंतर तिचा गळा पुन्हा नीट झाला नव्हता. ती म्हणाली, “आन् मग ती घरी आली.”

एका लहानग्यानं विचारलं, “कोण कोण आली?”

ती म्हणाली, “जी आली ती.”

ठकूबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि काढला नाही. मी काच तशीच थोडा वेळ राहू दिली, मग बत्ती बारीक केली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. भाकरी आणि खरवस खायला घालून त्यांनी आम्हाला शाळेत झोपायला जागा दिली.

सकाळी निघालो, तर चंद्रा आमच्याबरोबर निघाली. कारबाईटचा डबा तिनंच डोक्यावर घेतला, नको म्हणालो तरी ऐकलं नाही. वाडीच्या खालची वाट उताराला लागते, तिथं मोठ्या जांभळाखाली ती थांबली आणि डबा उतरवून माझ्याकडं दिला.

“हितनं म्होरं मी येत न्हाय,” ती म्हणाली.

मामा म्हणाला, “नगं येऊस. जातो आमी. जा तू घरला.”

ती गेली नाही. आम्ही उतरायला लागलो. पहिल्या वळणावरून बघितलं तर ती झाडाखाली उभी होती. दुसऱ्या वळणावर झाडी आडवी आली, ती दिसेनाशी झाली. खाली डांबरी रस्त्याला लागलो आणि पेटारा टेकवला, तेवढ्यात वरून हाक आली. आवाज फाटका होता, त्यामुळं शब्द कळायला वेळ लागला.

“पोचलासा काय?”

मामानं दोन्ही हात तोंडाशी नेले. “पोचलो,” त्यानं सांगितलं.

मग पुन्हा हाक आली.

“दोघंबी?”

मामानं माझा खांदा धरला. एसटीचा आवाज घाटात ऐकू यायला लागला होता, तो जवळ यायच्या आत उत्तर वर पोचायला हवं होतं. त्यानं छाती भरून घेतली.

“दोघंबी,” तो म्हणाला.